आउटबोर्डचा पंखा बदलायचाय? आधी आरपीएम मोजा, मग पिच बघा, मटेरियल सगळ्यात शेवटी

इंदूरहून ट्रेलरवर आउटबोर्डची (म्हणजे मागच्या फळीवर बाहेरून मोटर लावलेली) बोट टाकून नर्मदेवर, हनुवंतियाला इंदिरा सागर धरणाच्या पाण्यावर नाहीतर महेश्वरच्या बाजूला जाणारी आपली मंडळी वाढलीयेत आणि त्याबरोबर एक प्रश्नही वाढलाय, तो म्हणजे "बोट उचलत नाही, स्टेनलेसचा पंखा टाकू का?" बहुतेक जण टाकतात, अ‍ॅल्युमिनियमच्या तिप्पट-चौपट पैसे देऊन, आणि मग म्हणतात फरकच पडला नाही, किंवा आधीपेक्षा वाईट झालं. पडणार कसा, मुळात पिच (पंखा एका फेऱ्यात किती पुढे जाईल ते माप) चुकीचं होतं आणि तेच पिच आता स्टीलमध्ये घेतलं. म्हणून हा लेख क्रमाने लिहिलाय आणि क्रमानेच करायचा आहे, मधलं सोडून पुढे गेलात तर मोजमापाला काही अर्थ राहत नाही.

टप्पा १: पाण्यावर जाण्याआधी घरी काय काय बघायचं

पहिलं, मोटरचं मॅन्युअल काढा. त्यात फुल थ्रॉटलची आरपीएम (म्हणजे मिनिटाला इंजिनाचे फेरे) रेंज दिलेली असते. बऱ्याच फोर-स्ट्रोक मोटरना ती ५००० ते ६००० असते, जुन्या टू-स्ट्रोक कामाच्या मोटरना ४५०० ते ५५०० सुद्धा असते, त्यामुळे मित्राच्या मोटरचा आकडा आपल्याला लावायचा नाही. दुसरं, गिअर रेशो, म्हणजे पंख्याच्या एका फेऱ्याला इंजिनाचे किती फेरे. हा कधी सरळ २.०८ असा लिहिलेला असतो, कधी दातांच्या संख्येत २७:१३ असा, मग २७ ला १३ ने भागायचं, आलं २.०८. दोन्ही आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, सगळा हिशोब यांच्यावर आहे.

आता सध्याचा पंखा. हबवर (पंख्याच्या मधल्या गोल भागावर) किंवा पात्यांच्या मधे दोन आकडे कोरलेले असतात, समजा ११ १/२ × १३. पहिला आकडा व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचात. पिच म्हणजे पंखा एका फेऱ्यात, जरासुद्धा न घसरता, जेवढा पुढे गेला असता तेवढे इंच. पिच जास्त म्हणजे मोठा गिअर, आणि भरलेल्या बोटीला मोठं पिच लावणं म्हणजे भेरू घाट चौथ्या गिअरमध्ये चढवणं, इंजिन धापा टाकणार आणि गाडी काही वर जाणार नाही.

कोरलेले आकडे पुसले असतील तर अंदाजाने पुढे जाऊ नका, पार्ट नंबरवरून शोधा.

मग पंख्याची तब्येत बघा. पात्यांच्या कडा वाकल्यात का, टोकं घासलीत का, पात्यावर खड्डे-खड्डे पडलेत का. आणि जे कोणी बघत नाही ते म्हणजे हबचं रबर. पंख्याच्या आत एक रबराचा किंवा प्लास्टिकचा बुश असतो, दगड लागला की तो सरकावा आणि गिअर वाचावेत म्हणून. तो आधीच सरकला असेल तर मोटर गर्जते, आरपीएम चढतो, बोट मात्र जागच्या जागी. याची सोपी तपासणी म्हणजे आतल्या धातूच्या नळीपासून बाहेरच्या हबपर्यंत टोकदार खिळ्याने एक सरळ ओरखडा मारायचा, बोट जोरात चालवून आणायची आणि परत बघायचं. ओरखड्याचे दोन तुकडे एकमेकांसमोर राहिले नाहीत तर हब गेलेलं आहे, आणि अशा पंख्यावर केलेली कुठलीही तुलना फुकट.

बोटीचंही बघा. तळाला शेवाळ, फळीखाली साठलेलं पाणी, थ्रॉटलची केबल ढिली, यातलं एक जरी असलं तरी आरपीएम कमी येतो आणि दोष पंख्यावर जातो. केबलसाठी मोटर बंद ठेवून हँडल पुढे पूर्ण ढकला आणि कव्हर काढून बघा की कार्बोरेटरचं किंवा थ्रॉटल बॉडीचं लिव्हर शेवटच्या स्टॉपला खरंच टेकतं का. बरेचदा टेकत नाही!

टप्पा २: मोटरची उंची

हे पटकन होतं पण आधीच करायचं. पंख्याच्या वर जी आडवी प्लेट असते, जिला सगळे कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात, ती बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा त्याहून फार तर इंचभर वर असावी. लांब पट्टी तळाला लावून बघता येतं. प्लेट खूप खाली असेल तर ओढ वाढते आणि स्पीड जातो, खूप वर असेल तर वळताना पंखा वरची हवा ओढतो आणि आरपीएम एकदम उसळतो. लोक याला "पंखा स्लिप होतोय" म्हणून नवीन पंखा आणतात, खरं तर मोटर इंचभर खाली घेतली असती तर झालं असतं.

टप्पा ३: मोजायची साधनं

जीपीएस स्पीडसाठी मोबाइल चालतो. टॅकोमीटर मात्र हवाच, हँडलवाल्या लहान मोटरना तो नसतो. स्पार्क प्लगच्या वायरवर गुंडाळायचा छोटा डिजिटल टॅकोमीटर मिळतो, तो घ्या. त्यात एक गडबड होते, सेटिंग असतं की एका फेऱ्यात किती स्पार्क. बऱ्याच फोर-स्ट्रोक आउटबोर्डमध्ये प्रत्येक फेऱ्याला स्पार्क पडतो, सेटिंग चुकलं तर आकडा बरोब्बर अर्धा किंवा दुप्पट दिसतो. आयडलला ४०० किंवा १८०० दिसला तर इंजिन नाही, सेटिंग बघा.

कानाने आरपीएम सांगणारे उस्ताद प्रत्येक घाटावर भेटतात. नमस्कार करा आणि मीटर लावा.

टप्पा ४: पहिली टेस्ट, जुन्याच पंख्यावर

नवीन पंखा आणण्याआधी जुन्याचे आकडे घ्यायचे, हा टप्पा सगळे गाळतात.

बोटीत नेहमी असतं तेवढंच वजन ठेवा. रविवारी सहा जण, आइसबॉक्स, पोह्यांचा डबा, पाण्याचे कॅन आणि भरलेली टाकी घेऊन जाणार असाल तर टेस्टला एकटे जाऊन काय उपयोग? माणसं मिळत नसतील तर पाण्याचे कॅन भरून ठेवा, एक लिटर म्हणजे एक किलो, माणसं बसतात तिथेच ते ठेवायचे.

जागा अशी निवडा की पाणी खोल आहे आणि समोर किलोमीटरभर मोकळं आहे. इंदिरा सागरच्या बॅकवॉटरमध्ये बुडालेली झाडं आणि खुंट आहेत, उन्हाळ्यात पाणी उतरलं की ती वर येतात, शिवाय मासेमारीची जाळी पसरलेली असतात, त्यामुळे तिथल्या नाववाल्यांना विचारल्याशिवाय फुल थ्रॉटल करू नका. महेश्वरला तर पाण्याखाली काळा खडक आहे. आणि घाटापासून लांब जा, लोक अंघोळ करत असतात, अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास तर टेस्टचा विचारच नको. परवानगी कुठे लागते तेही आधी विचारून घ्या.

लाइफ जॅकेट सगळ्यांनी, आणि किल स्विचची (ओढली की मोटर बंद होते ती) दोरी चालवणाऱ्याच्या अंगाला, हँडलला नाही.

आता मोजायचं काय:

१) थांबलेल्या बोटीतून फुल थ्रॉटल दिल्यावर बोट नाक खाली करून पाण्यावर सपाट धावायला किती सेकंद लागले.

२) ट्रिम (मोटरचा पुढे-मागे कल) नीट करून फुल थ्रॉटलला सगळ्यात जास्त स्थिर आरपीएम किती, आणि त्या वेळी जीपीएसचा स्पीड किती. क्षणभर उसळलेला आकडा घ्यायचा नाही.

३) थ्रॉटल हळूहळू कमी करत, बोट सपाट राहते असा सगळ्यात कमी स्पीड किती.

नदीत प्रवाह असतो, म्हणून प्रत्येक धाव जाताना आणि येताना दोन्ही बाजूंनी करा आणि स्पीडची सरासरी घ्या. बॅकवॉटरमध्ये प्रवाह नसला तरी दुपारचा वारा असतोच, सकाळी लवकर जा. नुसती प्रवाहाबरोबरची धाव मोजून "नवीन पंख्याने चार किलोमीटर वाढले" म्हणणारे चिक्कार आहेत.

टप्पा ५: आकड्यांचा अर्थ, आणि पिच किती बदलायचं

साधा नियम आहे, पिच एक इंच कमी केलं तर फुल थ्रॉटलचा आरपीएम साधारण १५० ते २०० ने वाढतो, एक इंच वाढवलं तर तेवढाच उतरतो.

समजा मोटरची रेंज ५००० ते ६०००, पंखा १३ पिचचा, गिअर रेशो २, आणि नेहमीच्या वजनाने आरपीएम आला ५१००. रेंजमध्ये आहे ना, मग चाललंय की, असं वाटतं. पण दोन माणसं वाढली की हा ५००० च्या खाली जाणार. भरलेल्या बोटीत आरपीएम रेंजच्या मधल्या आकड्याच्या थोडा वर हवा, आणि बोट हलकी असताना वरच्या टोकाजवळ, पण त्याच्या पार नाही. म्हणजे इथे ५५००-५६०० पाहिजे, कमी पडतायत चार-पाचशे, म्हणून पिच दोन इंच कमी, ११.

आता स्लिप काढा, म्हणजे पंखा पाण्यात किती टक्के घसरतो ते. आरपीएम गुणिले पिच, भागिले गिअर रेशो, भागिले ६५६, हा आला पंखा न घसरता बोटीने गाठला असता तो स्पीड, किलोमीटर प्रति तासात. वरच्या उदाहरणात ५१०० × १३ ÷ २ ÷ ६५६ म्हणजे साधारण ५०.५. जीपीएसवर ४० आले असतील तर दहा किलोमीटर वाया, स्लिप सुमारे २१ टक्के. समजा ११ पिचवर ५५०० आरपीएम आणि ३९ चा स्पीड आला, तर हिशोब ४६.१ आणि स्लिप १५ टक्क्यांच्या आसपास. टॉप स्पीड एकाने गेला पण बोट लवकर उचलते आणि इंजिन मोकळं चालतं. माझ्या मते कुटुंब घेऊन फिरणाऱ्याने हा सौदा डोळे झाकून करावा.

सपाट धावणाऱ्या हलक्या बोटींना १० ते २० टक्के स्लिप सामान्य आहे, शून्य कधीच येत नाही, शून्य किंवा उणे आलं तर गिअर रेशो किंवा टॅकोमीटर चुकलाय. एकदम ३५-४० टक्के आलं तर पंखा बदलण्याआधी हब, मोटरची उंची आणि पात्यांच्या कडा परत बघा.

महेश्वर-ओंकारेश्वरच्या लांब जड नावांना मात्र हे आकडे लावू नका. त्या सपाट धावतच नाहीत, पाणी कापत जातात, तिथे स्लिप बरीच जास्त असते आणि तशीच असणार. अशा नावेला मोठ्या व्यासाचा आणि कमी पिचचा, रुंद पात्यांचा पंखा लागतो, स्पीडच्या नादी लागायचं नाही.

⚠ आरपीएम रेंजच्या खाली राहत असेल तर "इंजिनला आराम आहे" असं समजू नका. उलटं आहे. थ्रॉटल पूर्ण उघडा आणि फेरे कमी म्हणजे इंजिनावर दाब, उष्णता, कार्बन, आणि शेवटी पिस्टन. जास्त फेऱ्यांपेक्षा हे जास्त मोटरी खातं, कारण जास्त फेरे झाले तर बऱ्याच मोटरचा लिमिटर अडवतो, कमी फेऱ्यांना अडवणारं कोणी नाही.

एक गोष्ट आपल्याकडची. मालवण-गोव्याचे बोटवाले ज्या मोटरला जो पंखा सांगतात तोच आपल्याला चालेल असं नाही. उंचीमुळे दर ३०० मीटरला ताकद साधारण ३ टक्के कमी होते, इंदिरा सागरचं पाणी भरल्यावर २६२ मीटरवर असतं, म्हणजे फार नाही. खरा मार उन्हाचा आहे. २० डिग्रीपेक्षा ४२ डिग्रीला हवा सात टक्क्यांनी पातळ असते. दोन्ही धरले तर दीड-दोनशे आरपीएम जातात, म्हणजे जवळपास एक इंच पिच. म्हणून जानेवारीतली टेस्ट आणि मेमधली टेस्ट शेजारी ठेवून पंख्यांची तुलना करायची नाही, दोन्ही पंखे एकाच सकाळी, एकाच वजनावर, टाकीत तेवढंच पेट्रोल भरून.

टप्पा ६: पंखा काढणं-बसवणं

मोटर न्यूट्रलमध्ये, चावी बाहेर, किल स्विचची क्लिप काढलेली, आणि तरी स्पार्क प्लगच्या कॅप्स काढून ठेवा. पंखा हाताने फिरवताना मोटर सुरू झाली असं होऊ शकतं, आणि मग हाताची बोटं राहत नाहीत.

पात्याच्या आणि कॅव्हिटेशन प्लेटच्या मधे लाकडाचा ठोकळा अडकवा म्हणजे पंखा फिरणार नाही. स्प्लिट पिन सरळ करून काढा, नट काढा, वॉशर, स्पेसर, पंखा, आणि त्याच्या मागे शाफ्टवर असलेला थ्रस्ट वॉशर. निघतील त्या क्रमाने कापडावर ओळीत मांडा आणि फोटो काढा. थ्रस्ट वॉशर जुन्या पंख्याला चिकटून निघतो आणि तसाच डब्यात जातो, मग नवीन पंखा त्याच्याशिवाय बसतो, पुढे सरकतो आणि गिअरकेसला घासतो. त्याची उतरती बाजू कुठल्या दिशेला होती तेही बघून ठेवा.

शाफ्टवर मासेमारीची तार गुंडाळलेली आहे का बघा. ती सील कापते, पाणी आत जातं आणि गिअर ऑइल दुधाळ होतं. तसं ऑइल दिसलं तर पंख्याचं राहू द्या, आधी सील.

नवीन पंख्याच्या आतले स्प्लाइनचे (शाफ्टवर बसणाऱ्या खाचांचे) दात आपल्या शाफ्टएवढेच आहेत ना, हे दुकानातच मोजा. स्प्लाइन पुसून मरीन ग्रीस लावा, नाहीतर पुढच्या वेळी पंखा निघणार नाही. नट मॅन्युअलच्या टॉर्कला घट्ट करा, पिनचं भोक जुळत नसेल तर अजून थोडं घट्ट करून जुळवा, सैल करून नाही. स्प्लिट पिन दर वेळी नवीन, पाच-दहा रुपयांची वस्तू आहे.

लहान मोटरमध्ये पंखा शाफ्टला अडकवणारी शिअर पिन असते, ती तुटण्यासाठीच असते. तिच्या जागी खिळा किंवा ड्रिल बिटचा तुकडा टाकायचा जुगाड केला की पुढचा दगड पिन नाही, गिअर तोडतो.

टप्पा ७: आता मटेरियल

पिच ठरलं, आरपीएम जागेवर आला, तेव्हाच इथे या.

प्लास्टिक किंवा कंपोझिट: हलका, स्वस्त, काहींची पाती एकेक बदलता येतात. लहान मोटरना आणि स्पेअर म्हणून मस्त. जास्त ताकदीखाली पाती वाकतात, म्हणून तुलनेत आरपीएम जास्त आणि स्पीड कमी दिसला तर नवल नाही.

अ‍ॅल्युमिनियम: नर्मदेसाठी माझं उत्तर हेच. दगड किंवा खुंट लागला की पातं वाकतं, म्हणजे मार पंखा खातो आणि शाफ्ट वाचतो. दुरुस्तही होतो, पण सांवेर रोडच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये आर्गन वेल्डिंग करून, हातोडीने ठोकून आणलेल्या पंख्याचं पिच पूर्वीचं राहिलं असं गृहीत धरू नका. तिन्ही पाती सारखी नसतील तर मोटर थरथरते, आणि वेल्डिंगच्या उष्णतेने हबचं रबर जळतं. असा पंखा घरी येण्यासाठी स्पेअर ठेवा, तुलनेत घेऊ नका.

स्टेनलेस: ताकद जास्त म्हणून पाती पातळ करता येतात आणि जोरात फिरताना ती वाकत नाहीत. फायदा खरा आहे पण तो दिसतो मोठ्या मोटरवर, वेगात आणि वळणांवर. २०-२५ एचपीच्या बोटीला किलोमीटर-दोन किलोमीटर मिळाले तरी पुष्कळ. तोटा असा की खडकाला लागला तर स्टील वाकायला तयार नसतं, धक्का हबवर आणि हबने सोडलं नाही तर शाफ्ट-गिअरवर जातो. वजनामुळे गिअर टाकताना ठणका पण जास्त बसतो. समुद्रातल्या गंजासाठी लोक स्टील घेतात, आपल्याकडे पाणी गोडं, ते कारणच उरत नाही.

स्टीलची तुलना करायचीच असेल तर त्याच पिचचा कोणाकडून एक दिवस मागून आणा आणि टप्पा ४ तसाच्या तसा परत करा. बऱ्याच स्टील पंख्यांच्या मागच्या कडेला किंचित वळवलेली ओठासारखी कड असते, ती पाणी जास्त पकडते आणि आरपीएम उतरतो, जणू पिच एक इंच वाढलंय. तसं दिसलं तर एक इंच कमी पिचचा स्टील बघा. शिवाय कंपनी बदलली की तेच १३ पिच वेगळं वागतं, एकाच कंपनीच्या मालिकेतही पिच वाढलं की व्यास कमी होत जातो. आकडा सारखा म्हणजे पंखा सारखा नाही.

चार पात्यांचा विचार असेल तर तो भरलेली बोट लवकर उचलण्यासाठी आणि कमी वेगात सपाट ठेवण्यासाठी करा. आरपीएम थोडा उतरतो, म्हणून सहसा पिच एक इंच कमी घेतात.

टप्पा ८: ठरवल्यावर

निवडलेल्या पंख्यावर दोन टोकांच्या टेस्ट करा. एक, सगळ्यात जास्त वजन आणि दुपारचं ऊन, आरपीएम रेंजच्या खालच्या आकड्याखाली जायला नको. दुसरी, तुम्ही एकटे आणि अर्धी टाकी, वरच्या आकड्यापलीकडे जायला नको. दोन्ही एका पंख्यात बसत नसतील तर ओढाताण करू नका, दोन अ‍ॅल्युमिनियमचे घ्या, दोन इंच पिचच्या फरकाने. एका स्टीलपेक्षा तरीही स्वस्त पडतात, आणि दुसरा आपोआप स्पेअर होतो.

पहिल्या दिवसाची फेरी झाली की नट आणि पिन परत एकदा बघून घ्या. बोटीत कायम ठेवायचं सामान म्हणजे स्पेअर पंखा, थ्रस्ट वॉशर, नट, चार-पाच स्प्लिट पिना, बरोबर मापाचा पाना, लाकडाचा ठोकळा आणि पक्कड. पाना बोटीतच हवा, गाडीच्या डिकीत नाही, कारण गाडी काठावर असते आणि पंखा तुटतो तेव्हा तुम्ही बॅकवॉटरच्या मधोमध असता.